फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर आणि त्याचा जीर्णोद्धार

फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर : इंग्लंडमध्ये १९३६ ते १९३९ या काळात तयार झालेला चार चाकांचा हलका शेती-ट्रॅक्टर. ‘टाइप ए’ या नावानेही तो ओळखला जातो. अवजार साखळीने वा आकड्याने मागे ओढत न नेता ते तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडणे आणि द्रवीय (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेने ते उचलणे, खाली सोडणे व जमिनीत राखणे, ही पद्धती बाजारात विकल्या गेलेल्या ट्रॅक्टरांत प्रथम या यंत्रात आली. आज महाराष्ट्रातील शेतांत दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे जी त्रिबिंदू जोडणी असते, तिचा हा मूळपुरुष होय. एकूण सुमारे १,३५० ट्रॅक्टर तयार झाले आणि त्यांपैकी थोडेच आज उरले आहेत. उरलेल्यांचा जीर्णोद्धार करताना एक अडचण नेहमी पुढे येते. या यंत्राचे सारे महत्त्व त्याच्या पोटातील यंत्रणेत व मागे जोडावयाच्या अवजारांत आहे, रंगविलेल्या पत्र्यात नाही. त्यामुळे मूळ यंत्र कसे होते याचा शोध न घेता हाती घेतलेले काम यंत्राला देखणे करते, पण त्याची ओळख पुसून टाकते.

हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हा उत्तर आयर्लंडमधील डाउन परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा. स्वतः बांधलेल्या विमानातून त्याने १९०९ च्या अखेरीस उड्डाण केले व नंतर बेलफास्टमध्ये मोटारगाड्यांचा व्यवसाय केला. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे ट्रॅक्टरने नांगरट वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने त्यांत सुधारणा सुचविण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. त्या वेळचे ट्रॅक्टर म्हणजे घोड्याच्या जागी आणलेले एंजिन होते व नांगर मागून ओढला जाई. नांगर खडकात अडकला की मागील चाके जागीच थांबत, एंजिनाची ओढ चालूच राही आणि ट्रॅक्टरचा पुढील भाग उचलला जाऊन तो चालकावर उलटा पडे. फोर्डसन ट्रॅक्टर या बाबतीत विशेष बदनाम होता. यावर बहुतेक उत्पादकांनी ट्रॅक्टरचे वजन वाढविण्याचा मार्ग धरला. फर्ग्युसनने नांगर व ट्रॅक्टर मिळून एकच यंत्र करण्याचा विचार केला.

त्याच्या रचनेत दोन खालचे दांडे अवजाराला ओढतात व वरचा एक दांडा त्याला आधार देतो. नांगराला जमिनीचा विरोध वाढला की नांगर पुढे कलंडू पाहतो, वरचा दांडा ट्रॅक्टरकडे रेटला जातो व तेथील स्प्रिंग दाबली जाते. या हालचालीने तेलाची झडप उघडते आणि नांगर किंचित वर येतो. विरोध कमी झाला की तो पुन्हा खाली उतरतो. म्हणजे येथे राखली जाते ती खोली नव्हे, तर ओढ. त्यामुळे भुसभुशीत जमिनीत नांगर थोडा अधिक खोल जातो व घट्ट जमिनीत वर येतो. वरच्या दांड्याचा रेटा ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबून धरतो, तर नांगराचा व वर ओढल्या जाणाऱ्या मातीचा भार मागील चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. वजनाचा हा उपयोग सुचल्यावर जड ट्रॅक्टरची गरजच उरत नाही. टाइप ए चे वजन एक टनाहूनही कमी आहे.

या कल्पनेचा पहिला संपूर्ण नमुना १९३३ मध्ये बेलफास्ट येथे तयार झाला. काळ्या रंगामुळे ‘ब्लॅक ट्रॅक्टर’ म्हणून प्रसिद्ध असलेले हे यंत्र लंडनच्या सायन्स म्यूझियमच्या संग्रहात आहे. त्याची दंतचक्रे हडर्सफील्ड येथील डेव्हिड ब्राउन कंपनीने केली होती. पुढे याच कंपनीशी करार होऊन १९३६ मध्ये विक्रीसाठी उत्पादन सुरू झाले. ट्रॅक्टरची किंमत २२४ पौंड होती. फोर्डसन बराच स्वस्त होता. शिवाय येथे नांगर, सरी पाडण्याचे अवजार, कुळव अशी सर्व अवजारे नव्याने घ्यावी लागत, कारण जुनी अवजारे या जोडणीला बसत नसत. शेतात ट्रॅक्टर पाहून प्रभावित झालेला शेतकरी हिशेब केल्यावर मागे फिरे. न विकलेली यंत्रे साठू लागली. डेव्हिड ब्राउनला अधिक शक्तीचा ट्रॅक्टर हवा होता आणि फर्ग्युसन आराखड्यात बदल करू देईना. ऑक्टोबर १९३८ मध्ये त्याने अमेरिकेत डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्डपुढे हा ट्रॅक्टर चालवून दाखविला व दोघांत केवळ हस्तांदोलनाने करार झाला. १९३९ च्या आरंभी ब्राउनशी असलेली भागीदारी संपली. फोर्डच्या कारखान्यातून ९एन ट्रॅक्टर बाहेर पडला आणि टाइप ए मागे पडला. फोर्डशी झालेला तोंडी करारही पुढे न्यायालयात गेला व १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२.५ लाख डॉलर मिळून वाद मिटला. कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून झालेला टीई२० हा फर्ग्युसनचा ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक खपला. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. मद्रास (आता चेन्नई) येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘टॅफे’ने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनविले, तेव्हा ही परंपरा येथे पोहोचली.

संशोधन : टीई२० च्या या प्रचंड यशाचा टाइप ए च्या जीर्णोद्धारावर अनिष्ट परिणाम झाला आहे. टीई२० चे सुटे भाग व माहितीपत्रके सहज मिळतात, त्याची रचना अनेकांना पाठ असते आणि ‘फर्ग्युसन म्हणजे असाच’ हे गृहीत धरून टाइप ए दुरुस्त केला जातो. वस्तुतः दोहोंत फरक पुष्कळ आहेत. खुद्द टाइप ए मध्येही उत्पादन चालू असताना बदल झाले. सुमारे पहिल्या ५०० ट्रॅक्टरांना कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचे चार सिलिंडरांचे एंजिन होते, तर पुढील ट्रॅक्टरांना डेव्हिड ब्राउनने स्वतः बनविलेले. म्हणून यंत्राचा अनुक्रमांक व एंजिनाचा क्रमांक ताडून पाहणे हे पहिले काम असते. सुरुवातीच्या क्रमांकाच्या ट्रॅक्टरवर नंतरचे एंजिन आढळले, तर ते शेतकऱ्याने गरजेपोटी बदललेले असण्याचा संभव असतो. असा बदल हाही त्या ट्रॅक्टरच्या इतिहासाचाच भाग आहे. तो लगेच ‘दुरुस्त’ करण्याची घाई करू नये.

कागदोपत्री पुरावा अनेक ठिकाणी विखुरलेला असतो. ब्रिटनमध्ये १९२० च्या रस्तेविषयक कायद्यानुसार वाहनाची नोंदपुस्तिका ठेवली जाई. ट्रॅक्टर रस्त्यावर चालविण्यासाठी नोंदलेला असल्यास तीत मालक व यंत्राचे क्रमांक सापडतात. परगण्यांच्या नोंदवह्यांपैकी काही अभिलेखागारांत टिकून आहेत, तर नोंदणी एके ठिकाणी आणली गेली तेव्हा पुष्कळशा नष्ट झाल्या. रेडिंग विद्यापीठाच्या इंग्लिश ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात (स्थापना १९५१) शेती-यंत्रांच्या उत्पादकांची माहितीपत्रके व छायाचित्रे मोठ्या प्रमाणात जतन केलेली आहेत. जाहिरातीतील छायाचित्रे मात्र जपून वापरावी लागतात, कारण ती बहुधा प्रदर्शनासाठी खास तयार केलेल्या यंत्रांची असतात. त्यांत ट्रॅक्टर जसा दिसतो, तसा तो शेतकऱ्याच्या दारी आलाच असेल असे नाही.

सर्वांत विश्वसनीय पुरावा यंत्रावरच असतो. ओतीव भागांवरील उठावाचे क्रमांक, बोल्टांच्या आट्यांची जात, कारखान्यात पाडलेली व नंतर गावच्या लोहाराने पाडलेली भोके यांतील फरक, या साऱ्यांतून यंत्राचे चरित्र वाचता येते. रंगाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. नमुना काळा असला, तरी विक्रीचे ट्रॅक्टर युद्धनौकांसारख्या करड्या रंगाचे होते. टीई२० चाही रंग करडाच, म्हणून तोच फासण्याचा मोह होतो. तथापि नावाच्या पट्टीखाली, आसाच्या आतील बाजूस किंवा वंगणाच्या थराखाली ऊन न लागलेला मूळ रंग पुष्कळदा सापडतो. तेथे रंगाचे थर क्रमाने उघडे करून त्यांची नोंद करता येते. वाळूच्या माऱ्याने सारे यंत्र एकदा स्वच्छ केले की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. म्हणून सुटे करण्यापूर्वी, सुटे करताना व प्रत्येक भाग धुण्यापूर्वी छायाचित्रे घेणे अगत्याचे असते.

जीर्णोद्धार : टाइप ए मध्ये वजन कमी ठेवण्यासाठी गिअरपेटी व मागील आसाचे कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केलेले होते. त्या काळच्या ट्रॅक्टरांत हे विरळ होते, आणि अननुभवी माणूस येथेच फसतो. लोखंडी भागांवरील जुना मेद काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचा गरम द्राव वापरण्याची प्रथा आहे, पण तोच द्राव ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. मिश्रधातूत बसविलेले पोलादी बोल्ट ओलाव्यामुळे विद्युत्‌-रासायनिक क्रियेने घट्ट धरून बसतात. जोर लावल्यास बोल्ट तुटतो वा कवचाला चीर जाते. त्यासाठी सौम्य उष्णता, भिनणारे तेल व अनेक दिवसांचा धीर लागतो. पडलेली चीर आर्‌गॉन वायूच्या आवरणाखाली वितळजोडाने (वेल्डिंगने) सांधता येते, परंतु जुन्या धातूत मुरलेले तेल पूर्णपणे निघाल्याशिवाय सांधा धरत नाही.

एंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसिनसारख्या इंधनावर चालविले जाई. न जळलेले केरोसिन दट्ट्याच्या कड्यांवरून खाली उतरून वंगण पातळ करी. त्यामुळे अशा एंजिनांत धारवे व सिलिंडर यांची झीज अधिक आढळते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या एंजिनात दट्ट्या गंजून अडकलेला असतो. त्यावर हातोडा चालविण्यापेक्षा तेल भरून आठवडेच्या आठवडे वाट पाहणे शहाणपणाचे. मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या साधनाचे) चुंबक क्षीण झाल्यास ते पुन्हा चुंबकित करता येते व वेटोळे नव्याने गुंडाळता येते. जुन्या रंगात शिसे आणि ब्रेक, क्लच व सिलिंडर-शीर्षाच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टस असू शकते. त्यामुळे हे भाग कोरडे घासणे आरोग्यास घातक असते.

हरवलेला किंवा फुटलेला भाग नव्याने ओतावा लागल्यास जुन्या भागाचाच साचा घेणे सोपे वाटते. पण धातू थिजताना आकसतो. बिडाच्या बाबतीत हे आकसणे सुमारे एक टक्का असते व ॲल्युमिनियमच्या बाबतीत त्याहून थोडे अधिक. त्यामुळे जुन्या भागावरून घेतलेला नवा भाग लहान येतो व बसत नाही. आता मूळ भागाचे संगणकीय मोजमाप करून, आकसण्याइतकी वाढ धरून साचा करता येतो. अशा भागावर दिसणार नाही अशा जागी नव्या घडणीचे वर्ष कोरून ठेवावे. अन्यथा आजची नक्कल उद्याच्या अभ्यासकास मूळ पुरावा वाटेल.

किती दुरुस्त करावे, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. वास्तूंसाठी १९६४ मध्ये मांडलेल्या व्हेनिस सनदेने तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, असे तत्त्व घालून दिले. जुन्या वाहनांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेतही (२०१३) जतनाला प्राधान्य आहे. प्रदर्शनांत मात्र आरशासारख्या चकाकीला दाद मिळते. कारखान्यातून निघतानाही ज्या ट्रॅक्टरला इतकी चकाकी नव्हती, त्याला ती देण्यात काय साधते, हे सांगणे कठीण आहे. उलट, ‘मूळ अवस्था राखली’ या सबबीखाली तेलाचा पंप न उघडता नादुरुस्त ठेवलेला टाइप ए पाहणाऱ्याला या यंत्राविषयी काहीच सांगत नाही. दुर्मिळता लक्षात घेता एखादे यंत्र अस्पर्श ठेवावे व दुसरे चालते करावे, हा मार्ग संग्रहालयांना शक्य असतो. एकच यंत्र असलेल्या मालकाला निवड करावी लागते.

चालत्या केलेल्या यंत्राची खरी परीक्षा अवजारासह होते. टीई२० ची सवय असलेले लोक एंजिन सुरू करून ट्रॅक्टर जागेवर उभा असतानाच उचलीची कळ ओढतात. अवजार हलत नाही, तेव्हा ते पंप बिघडला असे समजून तो पुन्हा उघडतात. वस्तुतः टाइप ए मध्ये पंपाला गती गिअरपेटीतून मिळते व ट्रॅक्टर चालत असतानाच अवजार उचलले जाते. हा मूळ रचनेतीलच दोष होता व पुढील ट्रॅक्टरांत तो काढून टाकण्यात आला. ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून काही पावले पुढे नेला, दोन फाळांचा नांगर आवाज न करता वर आला आणि तासात पुन्हा उतरल्यावर घट्ट जमिनीत वरच्या दांड्याची स्प्रिंग दाबली जाऊन तो स्वतःहून किंचित उचलला गेला, म्हणजे पंप, झडप व जोडणी यांचे काम पूर्ण झाले असे समजतात.