स्लाऊच्या वेशीवरचं शुल्क

29 ऑगस्ट 2023 पासून लंडनचं ‘यूलेझ’ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं) शुल्क लंडनला लागून असलेल्या आमच्या स्लाऊ शहराच्या वेशीला येऊन भिडलं. जुन्या डिझेल गाडीतून हीथ्रोला जायचं तर दिवसाला साडेबारा पौंड. हा गरिबांवर भुर्दंड आहे, हा आक्षेप निम्माच खरा. पेट्रोल गाडीला युरो 4 हा उत्सर्जन निकष पुरतो, म्हणजे 2006 नंतरच्या बहुतेक गाड्या सुटतात. डिझेलला मात्र युरो 6 लागतो, कारण ती नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त सोडते. महागड्या विजेवरच्या गाडीची सक्ती नाही, वापरलेली साधी पेट्रोल गाडीही चालते. उरलेला निम्मा आक्षेप अगदी रास्त आहे: जुनी गाडी मोडीत काढण्याचं अनुदान लंडनकरांनाच मिळालं. स्लाऊतही एम4 आणि ए4 या रस्त्यांलगतची हवा नायट्रोजन डायऑक्साइडने बिघडलेली असताना, इथल्या रहिवाशांकडून शुल्क घेऊन मदत नाकारणं अन्यायाचंच आहे.