फॅक्स कोठें अडतो?

एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे सुशिक्षित घरांतहि बहुधा दोनच उपाय योजिले जातात. एक तर तें बंद करून पुन्हां चालू करून पाहावयाचें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर नवें विकत आणावयाचें. संगणकाचा मोडेम फॅक्स पाठवीनासा झाला कीं हे दोन्ही उपाय पुष्कळदां व्यर्थ जातात. कारण फॅक्स पाठविणें हें एकट्या यंत्राचें काम नव्हे; तो दोन यंत्रांमधील संवाद आहे, आणि त्या दोघांच्या मध्यें टेलिफोनची लाइन असते. संवाद तुटला तर तो कोणत्या वाक्याशीं तुटला हें प्रथम शोधावें लागतें. तें वाक्य सांपडलें कीं दोष सांपडण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

ई-मेलच्या काळांत फॅक्सची चौकशी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेस जानेवारी २०१९ पासून नवीं फॅक्सयंत्रें विकत घेण्याची मनाई झाली. जपानमध्यें २०२१ सालीं मंत्री तारो कोनो यांनीं सरकारी खात्यांतून फॅक्स हद्दपार करण्याची मोहीम काढली, तेव्हां तिला खात्यांतूनच मोठा विरोध झाला. अमेरिकेंत दवाखाने, रुग्णालयें व औषधांचीं दुकानें यांच्यामधील पुष्कळसा कागदी व्यवहार अजून फॅक्सनेंच चालतो. मुलाकडे अगर मुलीकडे अमेरिकेस गेलेल्या पुण्यामुंबईच्या वडील मंडळींपैकीं कोणास तेथें रुग्णालयांत ठेवावें लागलें, तर येथील जुने तपासणी-अहवाल फॅक्सनें मागविले जाण्याचा प्रसंग येतो. रोग्याला कोणत्या औषधाचें वावडें आहे हें सांगणारा कागद अशा वेळीं तासाभरांत पोंचणें आणि दुसऱ्या दिवशीं पोंचणें, यांत फार मोठें अंतर आहे.

फॅक्सची कल्पना टेलिफोनपेक्षां जुनी आहे. स्कॉटलंडमधील घड्याळजी अलेक्झांडर बेन यानें १८४३ सालीं तारेवरून आकृति उमटविण्याच्या युक्तीचा हक्क नोंदविला. ग्रॅहम बेलला टेलिफोनचा हक्क १८७६ सालीं मिळाला. इटलीचे धर्मोपदेशक जिओव्हानी कासेल्ली यांच्या यंत्रावर १८६५ पासून पॅरिस व लिआँ या शहरांमध्यें सेवा सुरू झाली, आणि पेढ्यांच्या कामीं सह्या पडताळण्यासाठीं तिचा उपयोग होऊं लागला. सध्यां वापरांत असलेला फॅक्स मात्र १९८० सालच्या आंतरराष्ट्रीय नियमांचें अपत्य आहे. त्या नियमांप्रमाणें कागदाची प्रत्येक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांत विभागली जाते, प्रत्येक ठिपका काळा कीं पांढरा हें आंकड्यांत मांडलें जातें, आणि ते आंकडे स्वरांच्या रूपानें टेलिफोनवरून जातात. आंकड्यांचे स्वर करणें व स्वरांचे पुन्हां आंकडे करणें, एवढेंच मोडेमचें काम.

संवादाची चौकशी करण्यापूर्वीं बोलणारा हजर आहे ना, हें पाहावें. इंटरनेटसाठीं घरांत जी पेटी बसविलेली असते तिलाहि लोक मोडेमच म्हणतात. परंतु फॅक्सला लागणारा मोडेम तो नव्हे. पूर्वींच्या पुष्कळ संगणकांत फॅक्सचा मोडेम आंतच बसविलेला असे. नव्या संगणकांत तो बहुधा नसतो, व यूएसबीच्या खांचेंत लावावयाचा बाहेरचा मोडेम घ्यावा लागतो. त्यांतहि कांहीं मोडेम केवळ माहितीची ने-आण करणारे असतात. फॅक्सची भाषा त्यांना येत नाहीं. संगणकाच्या मांडणींत मोडेमची चौकशी करण्याची सोय असते. तेथें मिळणाऱ्या उत्तरांत फॅक्सच्या वर्गाचा, म्हणजे वर्ग १ किंवा वर्ग २ यांचा, उल्लेख नसेल तर पुढील सर्व खटपट थांबवावी.

पहिलें वाक्य लाइनीचें असतें. रिसीव्हर उचलल्यावर जो अखंड स्वर ऐकूं येतो तोच मोडेमहि ऐकतो, आणि मग नंबर फिरवितो. ‘डायल टोन नाहीं’ असा संदेश पडद्यावर आला तर संवाद येथेंच अडला असें समजावें. मोडेमला पुष्कळदां दोन खांचा असतात. एक भिंतीकडून येणाऱ्या लाइनीसाठीं व दुसरी जोडीच्या टेलिफोनसाठीं. तार भलत्याच खांचेंत घातली जाणें हा अगदीं साधा व नेहमीं घडणारा दोष होय. ती तार साध्या टेलिफोनला लावून स्वर ऐकावा. स्वर येत असूनहि मोडेम नाहीं म्हणत असेल, तर त्याला तो ओळखतां येत नाहीं. भारतांतील डायल टोन सेकंदाला ४०० आंदोलनांचा, २५ आंदोलनांनीं कंपित केलेला असतो. अमेरिकेंतील डायल टोन ३५० व ४४० आंदोलनांच्या दोन स्वरांचा मिळून होतो. म्हणून मोडेमच्या मांडणींत कोणता देश निवडला आहे हें पाहावें. टेलिफोनवर निरोप साठविण्याची सोय असेल, तर न ऐकलेल्या निरोपाची खूण म्हणून कित्येक ठिकाणीं डायल टोन तुटक येतो आणि मोडेम फसतो. अशा वेळीं डायल टोनची वाट न पाहतां नंबर फिरविण्याची आज्ञा देतां येते. मोडेमच्या भाषेंत ती ‘एक्स’ या अक्षरापुढें ३ लिहून दिली जाते. कचेरींत बाहेरच्या लाइनीसाठीं आधीं ० किंवा ९ फिरवावा लागत असेल तर त्यानंतर एक स्वल्पविराम द्यावा. मोडेम तेथें सुमारें दोन सेकंद थांबतो. कचेरींतील डिजिटल टेलिफोनच्या तारेला मात्र साधा मोडेम कधींहि लावूं नये. तो जळण्याचा संभव असतो.

दुसरें वाक्य हांकेचें. मोडेमचा आवाज चालू ठेवून हा भाग कानांनीं ऐकण्यासारखा आहे. नंबर फिरविल्यावर पाठविणारा मोडेम अर्धा सेकंद ११०० आंदोलनांचा स्वर काढतो, तीन सेकंद गप्प राहतो, आणि पुन्हां तसेंच करतो. पलीकडील यंत्रानें फोन घेतला कीं तें २१०० आंदोलनांच्या उंच स्वरानें, सुमारें तीन सेकंद, ओ देतें. हांक आहे पण ओ नाहीं अशी स्थिति असेल तर दोष बहुधा मोडेममध्यें नसतो. फोन माणसानें उचलला असेल, यंत्र बंद असेल, किंवा नंबरच चुकला असेल. परदेशीं फॅक्स करतांना आणखी एक शक्यता असते. लाइन जोडली जाण्यास वेळ लागतो, आणि ओ येण्यापूर्वींच मोडेमचा धीर सुटतो. त्याची थांबण्याची मुदत ९० सेकंदांपर्यंत वाढवावी. भारतांतून अमेरिकेस फॅक्स करतांना ००, मग १, मग तेथील दहा आंकडी नंबर असा क्रम असतो. लाइनीवर परदेशीं बोलण्याची सोय सुरू आहे ना, याचीहि खात्री करावी. तोच नंबर साध्या टेलिफोनवरून फिरवून उंच स्वर स्वतः ऐकला म्हणजे शंका उरत नाहीं.

हांक आणि ओ झाल्यावर ओळख होते. बिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच सांगणारा माहितीचा सर्वांत लहान कण. अशा अवघ्या ३०० बिटांच्या संथ गतीनें दोन्ही यंत्रें बोलूं लागतात. पलीकडचें यंत्र आपल्याला काय काय येतें तें सांगतें. मोडेम त्यांतून गति निवडतो, आणि त्या गतीनें दीड सेकंद नुसतीं शून्यें पाठवितो. ही रंगीत तालीम होय. शून्यें स्वच्छ पोंचलीं तर संमति येते. न पोंचलीं तर नकार येतो, आणि मोडेम सेकंदाला १४,४०० बिटांवरून ९६००, ७२००, ४८०० अशा पायऱ्या उतरत पुन्हां प्रयत्न करतो. कर्कश आवाज दोनतीनदां होऊन फोन तुटला तर संवाद बहुधा तालमींत अडलेला असतो. प्रथम लाइनीवर खरखर आहे का तें ऐकावें. त्याच लाइनीवर दुसऱ्या खोलींत टेलिफोन असेल तर तो काढून ठेवावा. तांब्याच्या तारेवरूनच इंटरनेट येत असेल तर मोडेमच्या आधीं फिल्टर बसविलेला असावा. मग कमाल गति ९६०० वर आणावी. एवढ्यानेंहि न भागल्यास, मोडेमला दोन्ही वर्ग येत असतील तर वर्ग बदलून पाहावा. वर्ग १ मध्यें संवादाचें वेळापत्रक संगणक सांभाळतो, वर्ग २ मध्यें तें मोडेम स्वतः सांभाळतो. संगणक इतर कामांत गुंतलेला असला तर वर्ग १ मध्यें उत्तरास किंचित् उशीर होतो, आणि तेवढाहि संवाद मोडण्यास पुरतो.

इतकें करूनहि, पूर्वीं बिनतक्रार जाणारा फॅक्स एकाएकीं जाईनासा झाला असेल, तर घरांत नवें काय आलें याचा विचार करावा. कित्येकदां उत्तर असें निघतें कीं तांब्याची तार गेली आणि काचतंतूची लाइन आली. टेलिफोन तोच, नंबर तोच, आवाज पूर्वींपेक्षां स्वच्छ. मग फॅक्सच कां अडावा? नव्या लाइनीवर आवाजाचे बारीक तुकडे पडतात, व प्रत्येक तुकडा इंटरनेटच्या रीतीनें पाकिटांत घालून रवाना होतो. एका पाकिटांत बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज असतो. बोलण्यांतून असें एक पाकीट गहाळ झालें तर कानाला तें कळतहि नाहीं. पण १४,४०० बिटांच्या गतीनें जाणाऱ्या फॅक्समधून तेवढ्यांत २८८ बिट नाहींसे होतात, आणि यंत्रांचा मेळहि विसकटतो. शिवाय आवाज बांधण्याच्या पद्धति निरनिराळ्या आहेत. जी ७११ या पद्धतींत सेकंदाला ६४,००० बिट खर्च होतात, आणि स्वर जवळजवळ जसाच्या तसा राहतो. जी ७२९ मध्यें अवघ्या ८००० बिटांत काम भागवितात. ती माणसाच्या बोलण्यासाठीं घडविलेली आहे, आणि मोडेमचा स्वर तिच्यांतून धड बाहेर पडत नाहीं. म्हणून लाइन देणाऱ्या कंपनीस नेमकें विचारावें: जी ७११ लावतां येईल काय, शांततेचे तुकडे वगळण्याची सोय बंद करतां येईल काय, आणि फॅक्ससाठींच १९९८ सालीं ठरलेली टी ३८ ही पद्धत उपलब्ध आहे काय. टी ३८ मध्यें स्वर मुळींच पाठविले जात नाहींत. त्यांतील आंकडे काढून पाठवितात, आणि दुसऱ्या टोंकाला त्यांचे पुन्हां स्वर करतात. यांपैकीं कांहींच शक्य नसेल तर नवा मोडेम आणून उपयोग नाहीं. तांब्याची लाइन असलेलें दुसरें ठिकाण पाहावें, किंवा इंटरनेटवरून कागद घेऊन तो फॅक्स करून देणारी सेवा वापरावी. मात्र रोग्याचा कागद त्यामुळें तिसऱ्याच्या हातून जातो, हें लक्षांत ठेवावें.

चौथा अडथळा पानांच्या मध्यें येतो. पहिलें पान जातें आणि दुसरें अर्ध्यावर तुटतें. दुसरा फोन येत असल्याची सूचना देणारा ‘टक्’ असा आवाज लाइनीवर येत असेल, तर ती सोय तेवढ्यापुरती बंद करावी. फॅक्समध्यें चूक-दुरुस्तीचीहि एक योजना असते. तिच्यामुळें बिघडलेला तुकडा पुन्हां मागविला जातो. खराब लाइनीवर हें मागणें संपतच नाहीं व फोन तुटतो, म्हणून ती योजना बंद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ती बंद केल्यावर कागद पोंचतो खरा, पण कांहीं ओळी बिघडलेल्या उमटूं शकतात. निमंत्रणपत्रिकेस हें चालेल. औषधाच्या मात्रेंतील दशांशचिन्ह गळालें तर मात्र २.५ चे २५ होतात. अशा कागदासाठीं गति कमी करावी, ठसा बारीक ठेवावा, पण दुरुस्ती चालूच असावी.

तपास करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर तेंच एक पान त्याच नंबरावर पाठवून पाहावें. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फॅक्स गेला तरी तो कशामुळें गेला हें कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय दुसऱ्या एखाद्या नंबरावरहि पाठवून पाहावें. तेथें फॅक्स गेला तर आपला मोडेम व आपली लाइन यांवरील आळ पुष्कळसा दूर होतो.

शेवटीं ‘पाठविला’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. प्रत्येक पानानंतर पलीकडील यंत्र पोंच देतें, आणि त्या पोंचेवर हा शब्द पडद्यावर उमटतो. ती पोंच यंत्राची आहे, माणसाची नव्हे. कागद ट्रेमध्यें पडून राहिला, किंवा दुसऱ्याच खोलींतील यंत्रांतून निघाला, तरी पडद्यावर ‘पाठविला’ हेंच दिसतें. म्हणून कागद महत्त्वाचा असेल तेव्हां पहिल्या पानावर एकूण पानांची संख्या लिहावी, आणि फॅक्स गेल्यावर रुग्णालयांत फोन करून सर्व पानें मिळालीं काय व आंकडे वाचतां येतात काय, हें विचारावें. डॉक्टरांच्या हातीं कागद वाचतां येण्याजोगा पडला, म्हणजेच फॅक्स पोंचला.