पाकिटाने केलेला प्रवास

पाकीट फाडावे, पत्र वाचावे आणि पाकीट केराच्या टोपलीत टाकावे, हा जगाचा रिवाज. आमच्यासारखी काही उफराट्या डोक्याची मंडळी मात्र पत्र बाजूला ठेवतात आणि पाकीट वाचत बसतात. पुढून वाचतात, मागून वाचतात, भिंग लावून वाचतात. ‘एवढे काय लिहिले आहे त्यावर?’ असे घरातले विचारतात. खरे म्हणजे लिहिलेले फारसे काही नसते. जे असते ते उमटलेले असते.

तिकिटे जमवणारे पुष्कळ असतात. लहानपणी प्रत्येकाने एखादी वही भरलेली असते आणि पुढे ती वही धाकट्या भावंडाने फाडलेली असते. पण या छंदाची एक वेगळी पाती आहे. त्यातल्या लोकांना नुसते तिकीट नको असते, विमानातून खरोखर प्रवास करून आलेले अख्खे पाकीट हवे असते. त्याला ते ‘फ्लोन कव्हर’ म्हणतात. मी आपला ‘उडून आलेले पाकीट’ म्हणतो.

माझी नोकरी बँकेतली, त्यातली बरीच वर्षे परकीय चलनाच्या टेबलावर गेली. मस्कत, दुबई, बहारीनहून कोकणातल्या घरांसाठी ड्राफ्ट येत. बँकेला ड्राफ्टशी मतलब होते, मला पाकिटाशी. शिपाई ती रद्दीत टाकण्याआधी साहेबांच्या परवानगीने मी बाजूला काढीत असे. छंद असा फुकटात लागला. पुढे त्याने बरेच पैसे खाल्ले, पण तो भाग सौभाग्यवती अधिक तपशिलाने सांगतील.

बँकेची एक सवय मात्र इथे कामी आली. नावे आणि जमा जुळल्याशिवाय आम्हाला झोप येत नसे. उडून आलेल्या पाकिटाचेही तसेच असते. पुढच्या बाजूला टपाल निघाल्याचा शिक्का, मागच्या बाजूला पोचल्याचा. दोन तारखांमधले अंतर त्या काळच्या विमानाच्या वेगाशी जुळले पाहिजे. तिकिटांची बेरीज त्या वर्षीच्या हवाई दराशी जुळली पाहिजे. रेल्वेने दोन दिवसांत पोचणारे पत्र विमानाने पाच दिवसांत पोचलेले दिसले, की समजावे, एक तर विमान कुठे तरी अडकले किंवा विकणारा आपल्याला अडकवतो आहे.

हवाई टपालाचा इतिहास पॅरिस-लंडनला सुरू झाला असेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल उडाले ते आपल्या अलाहाबादहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून. तारीख १८ फेब्रुवारी १९११. तिथे संयुक्त प्रांताचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि वॉल्टर विंडहॅम नावाच्या इंग्रजाने बोटीने विमाने आणली होती. त्याच सुमारास तिथल्या होली ट्रिनिटी चर्चला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी पैसे हवे होते. विंडहॅमने युक्ती काढली. पत्रामागे सहा आणे जादा द्या, पत्र विमानातून जाईल आणि ते पैसे वसतिगृहाला मिळतील! सुमारे साडेसहा हजार पत्रे-कार्डे जमली. हेन्री पेके नावाच्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने ती उघड्या विमानात घेतली आणि यमुना ओलांडून नैनीला पोचवली. अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेळ जेमतेम पाव तास. नैनीहून पुढे ती पत्रे नेहमीसारखी रेल्वेने गेली! त्यांच्यावर विमानाचे चित्र असलेला खास गोल शिक्का आहे. हवाई टपालाच्या संग्राहकाची काशी म्हणजे हे पाकीट. ते माझ्याकडे नाही. पेन्शनीत काशी होत नाही.

दुसरा टप्पा आपल्या नाशिकचा. मार्च १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात भारताची खास हवाई टपालाची सहा तिकिटे निघाली. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंत किंमत, राजाचा मुखवटा आणि त्याच्याजवळून जाणारे तीन इंजिनांचे विमान. ती छापली नाशिकच्या सरकारी छापखान्यात. त्यातल्या काही तिकिटांवर एका झाडाचा शेंडाच छापलेला नाही. दगडावर किंवा पत्र्यावर कुठे तरी कण राहिला असेल, शाई लागली नसेल. एवढ्याशा शेंड्यासाठी लोक रात्र रात्र भिंग घेऊन बसतात. बायका म्हणतात ते काही अगदीच खोटे नाही.

पण कराचीला आलेले विलायतचे टपाल मुंबईला मात्र रेल्वेनेच येत होते. ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी बदलले. जेआरडी टाटांनी एका इंजिनाचे पुस मॉथ विमान कराचीच्या ड्रिग रोडहून उडवले, ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. बरोबर पंचावन्न पौंड टपाल. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून नेव्हिल व्हिन्टसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई, तेव्हा हे विमानतळ पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलत असे.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र नागपूरचा आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांहून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परतत. संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या महानगरात हजर! देश झोपलेला असताना सोनेगावच्या धावपट्टीवर कुणी तरी थैल्या उचलत होते. त्या पाकिटांना बाजारात फारशी किंमत नाही, कारण ती साध्या माणसांची साधी पत्रे आहेत. मला ती म्हणूनच हवीशी वाटतात.

आता जरा जड भाग. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेले. आपली ती पहिली विलायत-सेवा. त्यासाठी बारा आण्यांचे तिकीट निघाले. त्या उड्डाणाची पाकिटे देखणी आहेत, आल्बमात छान दिसतात. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ शिखरावर आदळले. अठ्ठेचाळीस माणसे गेली, त्यात पुष्कळसे आपले खलाशी होते. १९७८ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, खालच्या हिमनदीने त्या विमानातली काही पत्रे बाहेर टाकली. ती मूळ पत्त्यांवर पाठवण्यात आली. अशा पाकिटांना ‘क्रॅश कव्हर’ म्हणतात आणि त्यांना चांगला भाव येतो. एकाच विमानाची दोन पाकिटे, एक उद्घाटनाचे, एक अपघाताचे, शेजारी शेजारी लावलेली मी एका प्रदर्शनात पाहिली. लोक दुसऱ्यापाशी जास्त वेळ थांबत होते. मीही थांबलो. ते कुणाचे तरी पत्र होते, एवढे मात्र त्या चौकटीत कुठे लिहिलेले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले गाठोडे. त्यांचे सासरे फाळणीपूर्वी कराचीत नोकरीला होते, सासूबाई आणि मुले गिरगावात. महत्त्वाचे काही असले तरच सासरे हवाई टपालाने पत्र पाठवीत, कारण कारकुनाच्या पगारात ती चैन होती. एका व्यापाऱ्याने गाठोडे पाहिले होते. ‘पत्रे तुम्हीच ठेवा आजी, मला फक्त पाकिटे द्या,’ असे तो म्हणाला होता. बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते, पैसे हवे होते.

‘तुम्ही बँकवाले ना? हिशेब करून सांगा. नुसती पाकिटे दिली तर माझे काय जाते?’

वरवर पाहता काहीच जात नव्हते. मी गाठोडे सोडले. पत्रे मोडीवळणाच्या देवनागरीत, शाई तपकिरी पडलेली. प्रत्येकाच्या वर तिथी आणि वार होता, ‘कार्तिक वद्य पंचमी, गुरुवार’ असा. साल एकाही पत्रावर नव्हते. सासूबाईंना साल सांगण्याची त्या गृहस्थाला गरज काय? साल फक्त पाकिटावरच्या शिक्क्यात होते. पाकिटे गेली असती तर धाकट्याचा घटसर्प आधी की थोरल्याची मुंज आधी, हे पुढच्या पिढीला कधीच कळले नसते. आणि पत्रावाचून ती पाकिटे म्हणजे नुसता कराची ते मुंबई असा प्रवास उरला असता.

हे मी बाईंना सांगितले. मग तीन दुपारी आम्ही दोघे बसलो. घड्या, कागदाची रुंदी, शाईचा डाग, तिथी पाहून प्रत्येक पत्र त्याच्या पाकिटात घातले आणि पेन्सिलीने नंबर टाकले. बावीस जोड्या लागल्या. सात पाकिटे रिकामी राहिली, त्यांची पत्रे कधीच हरवली होती. तेवढी बाईंनी विकली. मोल ठरवायला मी मध्ये होतो, विकत मात्र घेतली नाहीत. शेजारधर्म आणि खरेदी एका टेबलावर बसत नाहीत.

घटसर्पाच्या त्या पत्राखाली सासऱ्यांनी लिहिले होते, की उत्तर उलट विमानाने पाठवावे, पैशांकडे पाहू नये. उत्तर गेले असणारच, कारण मुलगा वाचला, शिकला आणि पुढे त्याच्याशी बाईंचे लग्न झाले. पण सासूबाईंची सगळी उत्तरे कराचीतल्या त्या खोलीत राहिली. १९४७ मध्ये सासरे अंगावरच्या कपड्यांनिशी आले. ‘एकीच्याच बाजूचे बोलणे ऐकायचे राहिले हो,’ असे बाई म्हणाल्या आणि गाठोडे बांधू लागल्या.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. आज सुट्टी आहे, सापडली तर एवढे करा. तिकीट पाण्यात भिजवून काढू नका, ते पाकिटावरच राहू द्या. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते. पत्र आपल्या पाकिटातच ठेवा. आणि घरात जे कोणी सगळ्यात वयस्कर असेल त्यांना शेजारी बसवून विचारा, की हे अक्षर कोणाचे. कोणते पत्र कोणी का लिहिले हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ते कुठल्याही शिक्क्यात उमटलेले नसते.