घरघंटी घरात आली, आता लाइटबिलाचं गणित कसं मांडायचं?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की आपण मशीनची किंमत विचारतो, हप्ता विचारतो, व्याज विचारतो. त्या मशीनला महिन्याला वीज किती लागेल, हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. मग दोन महिन्यांनी बिल हातात पडतं आणि घरात कुरबूर सुरू होते. म्हणून या अंकात लाइटबिलाचा हिशेब मांडते आहे. बिल हाताशी घेऊन वाचा.

घाटकोपरच्या नाहीतर अंधेरीच्या नातेवाईक सांगतात, "आम्ही कंपनी बदलली." मुंबईच्या उपनगरांत अदानी की टाटा अशी निवड करता येते. आपल्याकडे तसं नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, मुरबाड, शहापूर इथे वीज महावितरणची. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-शीळ-कळव्यात २०२० पासून टोरंट पॉवर काम बघते, पण ती महावितरणची फ्रँचायझी आहे, दर तेच. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. म्हणजे दुकान बदलता येत नाही. पण आपण कोणत्या वर्गात बसतो आणि कोणत्या टप्प्यापर्यंत जातो, हे बरंचसं आपल्या वापरावर ठरतं.

घरगुती विजेचे चार टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ सालचे दर वहन आकार धरून असे होते: पहिल्या १०० युनिटला प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे, पुढच्या टप्प्याला ११ रुपये ४६ पैसे, मग १५ रुपये ७२ पैसे आणि शेवटी १७ रुपये ८१ पैसे. त्यावर सिंगल फेजला महिना १२८ रुपये स्थिर आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, १ जुलै २०२५ पासूनही बदलले. तुमचा आजचा दर तुमच्या बिलावर असतो, तो घालून हेच गणित करा. रीत तीच राहते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. "शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं," असं पुष्कळ जणी म्हणतात. तसं नाही. १०१ वं युनिट तेवढं महाग, आधीची शंभर स्वस्तच राहतात. आणि रीडिंग तीस दिवसांऐवजी जास्त दिवसांनी झालं, तर टप्प्याची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून मिळायला हवी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये रीडिंग बंद होतं, जूनमध्ये एकदम मोठी बिलं आली, तेव्हा याच मुद्द्यावर लोकांनी बिलं तपासून घेतली. तेव्हा बिलाचा कालावधी बघत जा.

आता अंदाज कसा काढायचा? उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले रोजचे तास गुणिले दिवस, भागिले हजार, की झाली युनिटं. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटं. तीन पंखे म्हणजे ८१! दिवे एलईडी असतील तर सहा दिव्यांची १०, लहान फ्रिजची २०, टीव्हीची ९, मिक्सर-मोबाइल धरून आणखी १०. एकूण १३०. वरच्या दराने बिल होतं साधारण १,२२९ रुपये.

या १३० मधली शेवटची तीस युनिटं शुल्कासकट प्रत्येकी १३ रुपये २९ पैशांना पडतात, पहिली शंभर ६ रुपये ८२ पैशांना. म्हणून बचत करायची तर त्या शेवटच्या तीसवर नजर ठेवायची. दोन जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी लावले, तर महिन्याला बत्तीस युनिटं कमी, म्हणजे चारशेच्या वर रुपये वाचतात. थंडीत पंखे कमी चालतात, त्यामुळे वर्षभर तेवढे वाचणार नाहीत. तरी पंख्याची किंमत निघायला फार वर्षं लागत नाहीत.

आता घरघंटी. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ७४६ वॅट. रोज तीन तास, महिन्याला २५ दिवस चालवली तर ५६ युनिटं. घराची १३० आधीच झालेली आहेत, म्हणजे ही सगळी ५६ महागड्या टप्प्यात. खर्च ७४४ रुपये, तासाला जवळपास १० रुपये. दळणाचा दर ठरवताना पुष्कळ जणी बिलाची सरासरी धरतात किंवा वीज धरतच नाहीत. सरासरी धरू नका. मशीन आल्यामुळे जी युनिटं वाढली, ती वरच्या दराचीच असतात. तुमच्या घरघंटीवर तासाला किती किलो दळण निघतं ते एकदा मोजा आणि दहा रुपये त्यावर वाटा. शिवणयंत्राची मोटर मात्र फारच कमी खाते: १०० वॅट, रोज सहा तास, २६ दिवस, तरी १६ युनिटं.

घरातून धंदा करणाऱ्या बायकांना भीती असते की मीटर व्यावसायिक करतील. दर-आदेशातली तरतूद अशी आहे: घराच्या एका भागात धंदा करत असाल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत, आदल्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. हे कुणी कर्मचारी विचारायला आला तर शांतपणे सांगा, बिलं दाखवा. पण त्यापुढे गेलात, किंवा वेगळा गाळा घेऊन तिथे घरची वीज ओढली, तर गोष्ट वेगळी. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि नेमका कालावधी कळत नसेल तर मागचे बारा महिने धरतात. पापड-मसाल्याचा धंदा वाढतोय असं दिसलं की आधीच वेगळ्या मीटरचा अर्ज करा. तिथे स्थिर आकार बराच जास्त आणि शुल्क २१ टक्के, हे धरूनच मालाची किंमत लावा.

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरच्या ज्या सख्या दारिद्र्यरेषेखालच्या दरात आहेत, त्यांनी विशेष जपावं. तो दर मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाला ३६० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना आहे. महिन्याला तीसच युनिटं झाली. घरघंटीची एकटी मोटर पाऊण किलोवॅटची, म्हणजे ती आली की तो दर गेला. घेऊ नका असं नाही, पण गटाच्या कर्जाचा प्रस्ताव करताना वाढलेलं बिल त्यात लिहा.

चाळीत भाड्याने राहणाऱ्यांचं वेगळंच दुखणं. चार-पाच खोल्या मालकाच्या एका मीटरवर असतील तर शंभर स्वस्त युनिटं सगळ्यांत मिळून एकदाच मिळतात, बाकी वरच्या टप्प्यात. सब-मीटरचा दर चढा असतो त्याचं एक कारण हे. मालकाकडून ना-हरकत पत्र घेऊन स्वतंत्र मीटर मिळाला तर मालकाचाही बोजा कमी होतो, त्याला असंच समजावा.

नवे टीओडी स्मार्ट मीटर बसले आहेत तिथे १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. वरची घरघंटी दिवसा चालवली तर महिन्याला ४५ रुपये. रक्कम लहान आहे, पण दळण दुपारी उरकणं आपल्या हातात आहे.

छतावरच्या सोलरबद्दल पुष्कळ विचारणा होते. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० अनुदान आहे. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिटं मिळतात. ज्या घराचा वापर २५० आहे त्याची महागडी १२० वाचतात, म्हणजे जवळपास १,६०० रुपये. ज्या घराचा वापरच ९० आहे त्याचे फार तर ६०० वाचतील. पहिलीने कर्ज काढलं तर चालेल, दुसरीने थोडं थांबावं असं माझं मत.

पुढच्या बैठकीला येताना मागच्या वर्षाच्या जून आणि डिसेंबरची बिलं घेऊन या. बिलावर दर संकेत, मंजूर भार, फेज आणि मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. घरात जड मशीन नसताना थ्री फेज असेल तर स्थिर आकार तिपटीहून जास्त जातो, तेही बघू. रीडिंग चुकीचं वाटलं तर मीटरचा फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तिथे दाद लागली नाही तर कल्याणला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, अर्ज लिहायला गटातल्या दोघी-तिघी मिळून बसू.