डासांच्या अळीवर निंबोळीचा उतारा

लावणी सुरू असताना घरातला एक माणूस हिवतापाने अंथरुणाला खिळला, तर खाचरातली किती रोपे मागे पडतात हे पनवेलच्या शेतकऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे पाऊस मुबलक, खाचरे भरलेली, त्यात नव्या इमारतींच्या पायांचे खड्डे. डासाला आणखी काय हवे?

डास उडू लागल्यावर त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण सात ते दहा दिवस तो पाण्यातच असतो. तिथेच त्याला गाठावे. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. अळी लगेच मरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी डबके पाहून "औषध वाया गेले" म्हणू नका. तिचा कोष होत नाही, डास निघत नाही. मात्र जे आधीच कोषात गेले आहेत त्यांच्यावर याचा फारसा उपयोग नाही. ते खात नाहीत ना!

पिकासाठी करता तोच पाच टक्के अर्क करा. निंबोळीच्या गराची पन्नास ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा आणि गटारावर, डबक्यावर फवारा. उन्हाने अर्काचा जोर लवकर उतरतो, तेव्हा दर आठवड्याला ताजा करावा. कडुनिंब आपल्या कोकणात थोडाच. निंबोळी घाटावरून आणावी लागते, आणि ती वाळलेली, बुरशी नसलेली घ्यावी.

भातखाचराचीही गोष्ट आहे. मदुराईच्या कीटकशास्त्र केंद्रातील संशोधक आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. नागसंपगी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात निंबोळी पेंड लावलेला युरिया आणि खाचरातले पाणी अधूनमधून काढणे यांची सांगड घातली होती. डास कमी झाले. आज आपल्याला मिळणारा नीम-युरिया मात्र त्या भरवशावर वापरू नका. त्यावरचे तेल अगदी थोडे असते आणि ते नत्र जपण्यासाठी असते.

माझे स्पष्ट मत असे की पिण्याच्या पाण्यात, विहिरीत किंवा मासे असलेल्या तळ्यात अर्क मुळीच घालू नये. पिंप, रांजण, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. शौचालयाच्या वायुनळीला जाळी बांधा.

कोणी सीताफळाच्या बियांची पूड सुचवतो. तिनेही अळ्या मरतात, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. पोराबाळांच्या घरात ती नकोच. ताप आलाच, तर उतारे पुरे! त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.