पाय वाकतात कशाने?

तीन-तीन वर्षांची दोन मुले डोळ्यांपुढे आणा. दोघांचेही पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटे जाडसर. क्ष-किरण चित्रातही दोघांच्या लांब हाडांची टोके पसरट व फाटल्यासारखी दिसतात. हा मुडदूस, यात शंका नाही. पण दोघांना एकच औषध देऊन चालेल काय?

वाढत्या हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते. तिच्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार साठले म्हणजे ती टणक होते. क्षार कमी पडले, की हाड मऊ राहते आणि शरीराच्या भाराने वाकते.

पहिल्या मुलाच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व कमी आहे. त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. हे जीवनसत्त्व आपली त्वचा उन्हातील जंबुपार किरणांच्या साहाय्याने बनवते. (खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेआडचे ऊन उपयोगी नाही.) १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर असे किरण देणाऱ्या दिव्याचा प्रयोग केला. गंमत अशी, की एका हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली! म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सर्वत्र जात होते.

दुसऱ्या मुलाला 'ड' जीवनसत्त्वाची वाण नाही. त्याची मूत्रपिंडे फॉस्फेट लघवीवाटे वाया घालवतात. नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या अशा मुडदुसाचे वर्णन अमेरिकेतील फुलर ऑल्ब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली केले. त्यामागचे सदोष जनुक १९९५ साली सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते.

मग निदान कसे करायचे? रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज दोघांतही वाढलेले असते, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही. पहिल्यात 'ड' जीवनसत्त्व फार कमी भरते. दुसऱ्यात कॅल्शियम ठीक, फॉस्फेट मात्र कमी, आणि तरीही ते लघवीत उतरत असते.

पहिल्याला 'ड' जीवनसत्त्व व कॅल्शियम निदान तीन महिने देतात. दुसऱ्याला फॉस्फेट दिवसातून अनेकदा आणि सोबत 'ड' जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप द्यावे लागते. २०१८ पासून युरोप-अमेरिकेत फॉस्फेटची गळती थांबवणारे बुरोसुमॅब हे इंजेक्शनही मान्य झाले आहे.

डॉक्टर आईवडिलांचे पायही पाहतात. बापाला हा दुसरा आजार असेल तर तो त्याच्या सर्व मुलींत उतरतो, मुलग्यांत एकाही नाही. असे का, हे बाप आपले एक्स गुणसूत्र कोणाला देतो ते आठवून सांगा पाहू!