स्वरलिपीला वाली कोण?

इंदूरच्या भंवरकुआं चौकात कोणत्याही परीक्षेसाठी मदत मिळते. राज्य लोकसेवा आयोगापासून बँकेतील कारकुनीपर्यंतच्या परीक्षांचे शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खानावळी, छायाप्रतींची दुकाने आणि अर्ज भरून देणारे संगणकवाले यांनी तो परिसर अहोरात्र गजबजलेला असतो. १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय तेथेच आहे. विद्यापीठाचे तक्षशिला आवारही जवळच. अशा या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या तरुणाने आजीच्या गळ्यातली एक बंदिश घरच्या घरी ध्वनिमुद्रित करून ती संगणकावर स्वरलिपीत उतरवावयाचे मनात आणले, तर त्याने कोणाचे दार ठोठावावे? संगणकवाला म्हणेल, हे गाण्याचे काम, गवयाकडे जा. गवई म्हणेल, हे यंत्राचे काम, संगणकवाल्याकडे जा.

गोव्यात बसून आम्ही इंदूरची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या ज्येष्ठ कन्येचा, लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरातच झाला. उस्ताद अमीर खाँ यांची गायकी त्याच नगरीच्या नावाने ओळखली जाते, आणि जवळच्या देवासला १९४८ साली रुग्णावस्थेत येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुना टिपून घेतल्या. एवढी पुण्याई असलेल्या गावीही साधी मदत शोधत फिरावे लागत असेल, तर पेडणे, सत्तरी किंवा सावंतवाडीच्या मुलाने काय करावे, हा प्रश्न आमच्या अंगणातलाच आहे.

वास्तविक ध्वनिमुद्रण आणि स्वरलेखन यांची सांगड घालण्याचा वारसा आपल्याकडे जुना आहे. वकिलीचा पेशा असलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी जयपूरच्या मोहम्मद अली खाँ यांच्या घराण्यातील चिजा फोनोग्राफवर भरून घेतल्या आणि त्या स्वरलिपीत उतरवल्या. त्यांची सहा भागांची क्रमिक पुस्तक मालिका मूळ मराठीत निघाली, हे आज किती जणांच्या स्मरणात असेल? पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची निराळी लिपी सिद्ध केली. भातखंडे मंद्र सप्तकाचे टिंब स्वराखाली देतात, तर पलुसकर तेच टिंब स्वरावर देतात. एकाचा मंद्र तो दुसऱ्याचा तार, असा हा घोटाळा दोन्ही पद्धती शिकणारा प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी करतोच.

या दोन्ही लिप्या मातृभाषेच्या अक्षरांत आहेत. बाजारात मिळणाऱ्या स्वरलेखनाच्या संगणक प्रणाली मात्र पाच रेघांच्या पाश्चात्य लिपीसाठी घडविलेल्या असतात. म्युझस्कोरसारखी उत्तम प्रणाली फुकट मिळते आणि व्हायोलिन किंवा पियानो शिकणाऱ्या गोमंतकीय मुलांना ती वरदानच आहे. चर्चच्या शाळांतून ती पाच रेघांची विद्या आपल्याकडे चार शतके रुजलेली आहे, तेव्हा तिच्याशी आमचे वैर असण्याचे कारण नाही. परंतु मींड लिहावयाची झाली तर त्या लिपीत फार तर एक तिरकी रेष मिळते, आणि ज्याचे एक आवर्तन मिनिटभर रेंगाळते असा विलंबित झुमरा तिच्या चौकटींत बसविणे म्हणजे नदीला बादल्यांत भरून ठेवण्यासारखे आहे.

मग भातखंडे लिपी संगणकावर लिहावी तरी कशी? उत्तर आपल्याच देवनागरीत आहे. वेदांच्या मुद्रणासाठी युनिकोड संकेतावलीत स्वरचिन्हे दिलेली आहेत. त्यांतील अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली येते. तीच आपली कोमल स्वराची खूण: रे॒, ग॒, ध॒. उदात्ताची उभी रेघ डोक्यावर येते. तोच आपला तीव्र मध्यम: म॑. नुक्त्याचे टिंब मंद्रासाठी वापरावे: ध़, ऩि. अनुस्वार तार सप्तकासाठी: सां, गं. नुक्ता अक्षरानंतर लगेच, वेलांटी-मात्रेच्या आधी टंकित करावा. अनुदात्ताची रेघ मात्रेच्या नंतर. हा क्रम चुकला की टिंब अक्षरापासून सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते आणि विद्यार्थी यंत्राला शिव्या देत उठतो. राहता राहिली एका मात्रेत अनेक स्वर दाखविणारी खालची कंस-रेषा. तिच्या जागी अधोरेखन करण्याचा मोह टाळावा, कारण मग शुद्ध स्वरही कोमल दिसू लागतात. त्रितालासाठी सोळा घरांचा तक्ता आखून एका मात्रेचे स्वर एका घरात लिहिले, की त्या रेषेचे काम घरच करते. सम, टाळी आणि काल यांच्या खुणा वरच्या ओळीत. यासाठी दमडीचीही प्रणाली विकत घ्यावी लागत नाही. हे सांगणारे चार पानांचे मराठी टिपण परीक्षार्थींच्या हाती असावयास हवे होते.

विकतच्या प्रणालींवर किती विसंबावे, याचा धडाही ताजा आहे. १९८८ पासून जगभरच्या संगीतकारांनी वापरलेली फिनाले ही प्रणाली तिच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये एका घोषणेनिशी बंद केली. वर्षभरानंतर ती नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाही, असेही आधी सांगण्यात आले. गदारोळ झाल्यावर ही अट मागे घ्यावी लागली. ज्यांनी आपले लेखन म्युझिक एक्सएमएल या खुल्या स्वरूपातही जपले होते, ते निभावले. कागदावर छापून ठेवणाऱ्यांना तर या बातमीने झोप गमवावी लागली नसेल.

घरगुती ध्वनिमुद्रणाची कथाही याच वळणाची आहे. साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण ते बोलण्यासाठी बनविलेले आहे, गाण्यासाठी नव्हे. भ्रमणध्वनीतील गोंगाट गाळणारी योजना अखंड चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते. आणि तंबोरा तर अखंडच चालतो! परिणामी षड्ज-पंचमाची आस मधूनमधून गिळली जाते आणि गाणारा निराधार वाटू लागतो. ती योजना प्रथम बंद करावी. सूर आपोआप ‘दुरुस्त’ करणारी सोय त्याहून घातक. दरबारीचा आंदोलित गंधार ती ओढून बारा पट्ट्यांपैकी एका पट्टीवर आणून ठोकते. पंखा थांबवावा, रजया आणि कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ बसावे, ध्वनी एमपीथ्रीत न दाबता वेव्ह स्वरूपात ठेवावा आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात. ऑडॅसिटी ही कापाकापीची प्रणाली विनामूल्य आहे. एवढ्यावर भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीतही ऐकण्याजोगे काम होते.

हे सारे जाणणारी माणसे नाहीत असे नव्हे. ती विखुरलेली आहेत आणि नवख्याला त्यांचा ठावठिकाणा लागत नाही. १९७० साली स्थापन झालेल्या आपल्या कला अकादमीचा भारतीय संगीत विभाग आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गावोगाव होतात आणि तीत दोन्ही लिप्यांचे ज्ञान विचारले जाते. या संस्थांनी आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक जाणकार आणि एक संगणक एवढी व्यवस्था केली, तर कोणते आभाळ कोसळणार आहे? नव्या इमारतीची, उद्घाटनाची किंवा मंत्रिमहोदयांच्या शुभहस्तांची त्यासाठी गरज नाही. तालुक्याच्या ग्रंथालयातही हे होऊ शकते. भंवरकुआंच्या अर्ज भरून देणाऱ्या दुकानाइतकी जागा पुरे.

हे निकडीचे अशासाठी की देवळांतल्या भजनी बुवांच्या चिजा, मांडावर धालो गाणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या चाली आणि नाटकमंडळींतल्या जुन्या पेटीवाल्यांच्या वह्या यांना मुदत आहे. ज्या कॅसेटांवर त्या ऐंशीच्या दशकात कोणीतरी हौसेने भरल्या, त्यांच्या फितींना आमच्या दमट हवेत बुरशी धरते. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालून पाहू नये, जाणत्याकडून साफ करून घ्यावी. आणि जे नव्याने भरले जाईल, त्याच्या आरंभीच गाणाऱ्याने आपले नाव, गुरूचे नाव, राग, ताल, पट्टी, गाव आणि तारीख मोठ्याने सांगावी. डबीवर चिकटविलेल्या चिठ्ठीची शाई कोकणपट्टीतले दोन पावसाळेही धड काढीत नाही.